मैल्यातला अग्नी आणि शुद्धीचा प्रश्न

संडासाच्या टाकीतला गाळ, स्वयंपाकघरातले खरकटे, गोठ्यातले शेण आणि बाजारातला सडका भाजीपाला एकत्र कालवून हवाबंद टाकीत, म्हणजे पाचनटाकीत, ठेवला, की काही आठवड्यांत त्यातून जळणारा वायू निघतो. त्यावर भात शिजतो, बत्ती पेटते, इंजिन चालते. तंत्र म्हणून यात आता नवल राहिलेले नाही. धर्मविचाराच्या बाजूने मात्र काही प्रश्न उरतात. ज्याचा उगम विष्ठेत आहे तो अग्नी शुद्ध मानायचा का? त्यावर शिजलेले अन्न नैवेद्य म्हणून चालते का? टाकीतून निघालेली स्लरी, म्हणजे उरलेला पातळ गाळ, ज्या शेतात गेली, त्या शेतातल्या तांदळाचे काय? आणि हे सगळे ज्याच्या हातून होते, त्या माणसाला समाज कुठे उभा करतो?

रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, हे प्रश्न केवळ पुस्तकी नाहीत. येथे समुद्र नाही. सह्याद्रीचा पायथा, भातखाचरे आणि दोन नद्या आहेत. राजमाचीच्या डोंगरातून उतरणारी उल्हास कर्जतवरून नेरळ-बदलापूरकडे जाते आणि पुढे उल्हासनगर-कल्याणच्या नळांना पाणी पुरवते. खालापूरची पाताळगंगा खोपोली आणि रसायनीच्या कारखान्यांजवळून वाहते. मुंबई-पुण्याच्या मधला हा पट्टा शनिवार-रविवारी माणसांनी भरतो. फार्महाउस, रिसॉर्ट, लग्नाची लॉन, रस्त्याकडेची हॉटेले यांच्या संडासांचा मैला बहुतेक ठिकाणी जागच्या सेप्टिक टाकीत साचतो आणि खरकट्याची वाट वेगळी लागते. खालापुरात अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आहे. तेथे फुले, दूर्वा, नारळ आणि प्रसादाचे उरलेले अन्न रोज निघते. कर्जत तालुक्यातच माथेरान आहे. तेथे मोटारींना बंदी आहे आणि शेकडो घोडे आहेत, म्हणजे लीदही आली. पाचनटाकीला जे जे लागते ते सारे या दोन तालुक्यांत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर पडलेले असते.

टाकीत काय घडते ते आधी पाहिले पाहिजे, कारण शुद्धीचा निर्णय पुष्कळ अंशी त्यावर ठरतो. हवा नसताना वाढणारे जिवाणू चार टप्प्यांत काम करतात. पहिले जिवाणू पिष्ट, प्रथिने आणि चरबी यांचे मोठे रेणू फोडून पाण्यात विरघळवतात. दुसरे त्यांची आम्ले बनवतात. तिसरे या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. शेवटचे, जे जीवसृष्टीतल्या फार जुन्या वंशाचे आहेत, त्यातून मिथेन बनवतात. निघणाऱ्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचा. टाकीचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असले म्हणजे काम नीट चालते, आणि कोकणच्या हवेत ते वर्षातला बराच काळ फारसे न तापवता मिळते.

मग मिसळायचे कशासाठी? नुसता मैला घातला तर गॅस थोडा मिळतो. अन्नातली बरीचशी ऊर्जा शरीराने आधीच काढून घेतलेली असते, आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या गाळातली तर जिवाणूंनी आणखी एकदा काढलेली असते. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला २५ ते ३० लिटर गॅस निघतो. एका जनावराच्या दहा किलो शेणातून चारशे लिटरच्या आसपास निघतो, म्हणजे या हिशेबात एक गाय दहा माणसांना भारी पडते. शिवाय मैल्यात नायट्रोजन फार असतो. कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण २० ते ३० असेल तर जिवाणूंना ते मानवते. मैल्यात ते ६ ते १० इतकेच असते. जादा नायट्रोजनचा अमोनिया होतो आणि मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना तो मारक ठरतो. नुसते खरकटे घातले तर उलटी अडचण येते. शिळा भात, पोळ्या आणि गोडधोड इतक्या वेगाने आंबते की आम्ल साठून टाकी बसते. मैला ते आम्ल सावरतो आणि खरकटे गॅस वाढवते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे दोन वेगळ्या टाक्यांपेक्षा एका टाकीत दोन्ही घातल्याने गॅस अधिक मिळतो आणि टाकीही स्थिर राहते.

या मिश्रणात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. खाण्याआधी उरलेले अन्न आणि खाल्ल्यानंतर उरलेले अन्न येथे पुन्हा एकत्र येतात. व्यवहारात या दोहोंमध्ये ताट, तोंड आणि पोट एवढेच अंतर असते. आचारात मात्र ते फार मोठे मानले गेले. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, अन्नाची तीन रूपे सांगतो. खाल्लेल्या अन्नाचा सर्वांत जड भाग विष्ठा होतो, मधला मांस होतो आणि सर्वांत सूक्ष्म भाग मन होतो. यातले धाडस सहसा लक्षात येत नाही. विष्ठा आणि मन ही येथे एकाच पदार्थाची स्थूल आणि सूक्ष्म टोके आहेत. त्यांच्यात द्रव्याचा भेद नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर उच्छिष्टावर, म्हणजे उरलेल्या शेषावर, एक पूर्ण सूक्त आहे आणि सारे विश्व त्या शेषात आधारलेले आहे अशी त्याची कल्पना आहे. आयुर्वेदानेही मलाला शरीराबाहेरची घाण मानले नाही. दोष, धातू आणि मल या तिहींवर शरीर उभे आहे असे सुश्रुतसंहितेचे म्हणणे आहे. उष्ट्याला आणि मैल्याला सृष्टीच्या हिशेबात जागा आहे हे या परंपरेने फार पूर्वी मान्य केले होते. नंतरच्या आचारधर्माने ती जागा लहान करत नेली.

आता अग्नीकडे वळता येते. महाभारताच्या आदिपर्वात, पौलोम उपाख्यानात, भृगू ऋषी अग्नीला शाप देतो. पुलोमा ही भृगूची पत्नी आहे असे खरे उत्तर अग्नीने राक्षसाला दिले आणि त्यामुळे तिचे हरण झाले, एवढाच अग्नीचा अपराध. शाप असा की अग्नी सर्वभक्षक होईल, म्हणजे चांगले-वाईट सारे खाईल. अग्नी रागावून यज्ञांतून निघून जातो आणि जगाचे व्यवहार थांबतात. तेव्हा ब्रह्मदेव त्याची समजूत काढतो ती अशी, की सूर्याच्या किरणांनी स्पर्शलेले जसे शुद्ध होते, तसे त्याच्या ज्वालांनी जळालेले सारे शुद्ध होईल. गोष्टीत शाप मागे घेतलेला नाही, त्याचा अर्थ फिरवला आहे. अग्नी काहीही खातो आणि तरीही शुद्ध राहतो, कारण खाल्लेल्याला तोच शुद्ध करतो. मैल्याच्या गॅसवर पेटलेल्या ज्योतीला विरोध करणाऱ्याला या कथेतून वाट काढणे सोपे नाही. चितेचा अग्नी आणि यज्ञाचा अग्नी कर्मकांडात वेगळे ठेवले जातात हे खरे. पण तो भेद कोणत्या कर्मासाठी कोणता अग्नी योजायचा याचा आहे. ज्वाला मूळची मलिन असते असे त्यातून निघत नाही.

धर्मशास्त्रातला द्रव्यशुद्धीचा भाग याहून व्यवहारी आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ च्या चौथ्या खंडात शुद्धीविषयीची वचने गोळा करून मांडली आहेत. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: स्मृतिकार पुष्कळदा डोळे आणि नाक यांवर भिस्त ठेवतात. अशुद्ध पदार्थाचा लेप आणि गंध जाईपर्यंत माती आणि पाणी वापरावे, असा मनुस्मृतीतला साधा नियम आहे. जमीन झाडल्याने, सारवल्याने, शिंपल्याने, खरवडल्याने आणि गाई बसवल्याने शुद्ध होते. नदी आपल्या वेगाने शुद्ध होते. या कसोटीवर पाचनटाकीतला वायू तपासला तर निकाल सरळ लागतो. लोखंडाच्या किसातून नेला की त्यातला हायड्रोजन सल्फाइड किसात अडकतो आणि वास जातो. मिथेनला स्वतःचा रंग नाही, वास नाही, लेप नाही. जळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. भांड्याला मैल्यातले काहीही लागत नाही. मुंबईच्या इमारतींत नळाने येणारा गॅसही मुख्यतः मिथेनच असतो. मुंबई हायच्या साठ्यातला तो वायू कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाडल्या गेलेल्या जीवांच्या सडलेल्या देहांचा आहे. त्या गॅसवर मोदक उकडताना कोणी त्याचे सोवळे-ओवळे विचारत नाही.

तरीही एक शंका उरते आणि ती गैरलागू म्हणून उडवून देण्यासारखी नाही. महडच्या मंदिरात १८९२ पासून नंदादीप अखंड तेवत असल्याचे सांगितले जाते. त्या समईच्या जागी गॅसची ज्योत लावता येईल का? नाही. पण त्याचे कारण अशुद्धी हे नव्हे. दिव्याला तेल किंवा तूप आणि वात हवी, असे पूजाविधीत सांगितले आहे. गॅसची ज्योत, मग ती कोणत्याही गॅसची असो, त्या विधीतली वस्तू नाही. विजेची माळही तशीच नाही. विहित नसणे आणि अशुद्ध असणे या दोन गोष्टींची गल्लत या वादात वारंवार होते. प्रसादाच्या स्वयंपाकाला मात्र असे बंधन दिसत नाही. चुलीच्या जागी सिलिंडर आला तेव्हा देवस्थानांनी तो फारशी चर्चा न करता स्वीकारला. निर्माल्याबाबत परंपरेचा आग्रह एवढाच की ते पायदळी जाऊ नये. म्हणून ते नदीत सोडायची चाल पडली. आज उल्हास आणि पाताळगंगेत सोडलेले निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट काठाला लागते आणि पायदळीच जाते. फुले आणि दूर्वा टाकीत जिरतात, हारांचे दोरे आणि नारळाच्या शेंड्या जिरत नाहीत. मैल्याच्या टाकीत निर्माल्य घालणे भाविकाला रुचणार नाही, आणि तसा आग्रह धरण्याचे कारणही नाही. त्याला शेणाची किंवा खताची वेगळी टाकी पुरते.

याच प्रदेशातल्या इतर धर्मपरंपरांची उत्तरे हिंदू उत्तराहून वेगळी निघतात. इस्लामी धर्मशास्त्रात अपवित्र वस्तूचे रूप पूर्ण बदलले तर ती पवित्र होते का, हा जुना वाद आहे. हनफी पंथात असे रूपांतर बऱ्याच मोकळेपणाने मान्य झाले आहे. शाफी पंथ ते मोजक्याच ठिकाणी मानतो, जसे दारूचा आपोआप सिरका होणे किंवा कातडे कमावणे. अपवित्र जळणाचा धूर आणि राख यांबद्दलही तो अधिक काटेकोर आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफी असल्यामुळे हा भेद रायगडात नुसता पुस्तकात राहत नाही. मात्र जेथे जळणाचा अंश अन्नाला लागत नाही, तेथे आक्षेपाला फारसा आधार उरत नाही.

जैनांचा आक्षेप याहून खोल आहे. मानवी मल-मूत्र थोडा वेळ साचून राहिले की त्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात असे जैन आगमांचे मत आहे. म्हणून साधूंसाठी मलविसर्जनाची स्वतंत्र समिती, म्हणजे सावधपणाचा नियम, सांगितला आहे: कोरड्या, निर्जंतुक, मोकळ्या जागी, कोणत्याही जीवाला इजा न होईल असे. मुंबई-पुणे मार्गाने विहार करणारे साधू-साध्वी आजही तो पाळतात. पाचनटाकीत तर जीव मुद्दाम वाढवले जातात, आणि टाकी धुतली की मरतात. गॅस शुद्ध की अशुद्ध हा येथे प्रश्नच नाही; आपल्या सोयीसाठी जीवांची पैदास करावी का, असा तो आहे. याला तांत्रिक उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की सेप्टिक टाकीतही हेच जीव जन्मतात आणि तेथे त्यांचा वायू कोणाच्याही उपयोगी न पडता हवेत जातो. शंभर वर्षांच्या मापाने मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट आहे. हिंसा मोजायचीच तर तीही हिशेबात धरावी लागेल.

आतापर्यंतच्या विचारात शेण आणि मैला यांच्यातला भेद बाजूला राहिला होता. तोच खरा अवघड भाग आहे. गोबर गॅसला कोकणात कोणी नाक मुरडले नाही. शेणाने अंगण सारवायचे, पंचगव्यात शेण घ्यायचे, प्रायश्चित्ताला तेच. खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात जशभाई पटेल यांच्या तरंगत्या झाकणाच्या संयंत्राचा प्रसार सुरू केला आणि ते गावोगाव बसले. त्याच टाकीला संडास जोडायचा म्हटले की घर बिथरते, सरकार जोडणीसाठी जादा अनुदान देत असले तरी. जिवाणूंना दोन्ही सारखेच. रोगजंतूंच्या बाजूने मैला अधिक घातक आहे हे खरे, पण नकार त्यातून आलेला नाही. तसे असते तर सेप्टिक टाकी ओढ्यात उघडी सोडण्यालाही तितकाच विरोध दिसला असता.

हा भेद कोठे नेतो ते याच जिल्ह्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. वरदविनायकाचे महड आणि दक्षिण रायगडातले महाड ही दोन वेगळी गावे आहेत. दुसऱ्या गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्य ओतून त्याची शुद्धी केली. ज्या पाण्याला माणसांचा स्पर्श झाला त्याला गोमूत्र आणि शेण घालून शुद्ध ठरवले गेले. त्या तळ्यात गुरे पाणी पीत होती आणि कोणाची हरकत नव्हती. लेप आणि गंध यांची स्मृतींतली कसोटी येथे कोणी लावली नाही. अशुद्धी पदार्थाकडून निघून माणसावर जाऊन बसली होती. मनुस्मृती शरीराचे बारा मल मोजते. ते प्रत्येक देहाचे आहेत आणि त्यात वर्णाचा भेद नाही. पण ते उचलण्याचे काम ठरावीक जातींकडे गेले, आणि मग मैला त्या जातींच्या अंगाला कायमचा चिकटल्यासारखे वागवले गेले. मैल्याच्या गॅसविषयीची किळस समजून घ्यायची तर ही बाजू सोडून चालत नाही. ज्वालेवरचा आक्षेप धर्मग्रंथांच्या आधारे टिकत नाही, तरी तो समाजात टिकून राहतो, कारण त्याचे मूळ ज्वालेत नसून ज्याने मैला वाहिला त्या माणसाबद्दलच्या विटाळात आहे.

महाराष्ट्रात या दोन्ही बाजू एकत्र धरून काम केलेली माणसे थोडी, पण ठसठशीत आहेत. मैल्याच्या वायूचा देशातला सर्वांत जुना उपयोग माटुंग्याच्या महारोगी आश्रमात झाला. १८९० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत, शतकाच्या अखेरीस, रुग्णांच्या मैल्याच्या टाकीतला वायू जाळून कामाला लावला गेला. हा प्रयोग १८५९ चा असल्याचे अनेक पुस्तकांत छापले जाते. संस्थाच तेव्हा नव्हती. ज्यांना समाजाने सर्वांत अस्पृश्य मानले त्यांच्या मैल्यापासून या तंत्राची सुरुवात झाली, हा योगायोगच.

कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) रत्नागिरीच्या तुरुंगात असताना भंगीकाम स्वतःला द्यावे असा आग्रह धरून बसले. तुरुंगात ते काम जात पाहून वाटले जाई. परवानगी नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्न सोडले, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी सोपे, स्वस्त संडास आणि सोनखताचे प्रयोग केले. त्यांची भूमिका अशी होती की संडासाची रचनाच अशी हवी, की कोणालाही दुसऱ्याचा मैला हाताने उचलावा लागू नये आणि खतही वाया जाऊ नये. हा वारसा डॉ. सुहास मापुसकर यांनी तुकोबांच्या देहूत नेला. तेथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर असताना त्यांनी गाव हागणदारीमुक्त करण्यासाठी अनेक वर्षे घालवली आणि मानवी मैल्यावर चालणारे ‘मळप्रभा’ हे बायोगॅस संयंत्र विकसित केले. देहूतल्या वारकरी घरांत त्या गॅसवर स्वयंपाक झाला. पंढरीच्या वारीत ज्या गावच्या पालखीला मान आहे, त्या गावात हे घडले, याला कोणत्याही शास्त्रार्थापेक्षा अधिक वजन आहे. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मैला आणि खरकटे शहराच्या पातळीवर एकत्र करण्याचा राज्यातला ठळक प्रकल्प नाशिकचा. जर्मन सहकार्यसंस्था जीआयझेडच्या मदतीने महापालिकेने २०१७ मध्ये तो सुरू केला. हॉटेलांचे खरकटे आणि सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतला मैला मिळून रोज सुमारे ३० टन पचवून वीज काढावी अशी त्याची रचना आहे. गोदेच्या काठी सिंहस्थात लाखोंनी येणारे भाविक स्नानाने शुद्ध होतात अशी श्रद्धा आहे. त्यांच्या शौचालयांचा मैला नदीत गेला तर त्या स्नानाचे काय, हा प्रश्न तीर्थस्थानाने स्वतःला विचारायला हवा होता. नाशिकचा प्रकल्प त्याच्या उत्तराचा एक भाग आहे. कर्जत तालुक्यात माथेरानला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण तंत्रावरचा प्रकल्प उभा राहिला. डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत ओला कचरा आधी दळून गरम पाण्यात, हवेच्या साहाय्याने मऊ करतात आणि मग बंद टाकीत सोडतात. डोंगरावर जळण वर न्यायचे आणि कचरा खाली आणायचा, हा दुहेरी खर्च त्यात वाचतो. तेथला मुख्य माल हॉटेलांचे खरकटे हाच.

गॅस निघाल्यावर उरते ती स्लरी, आणि ती शेतात जाते. कर्जत-खालापूरच्या भातशेतीत राब भाजण्याची जुनी चाल आहे. पावसाआधी रोपाच्या जागी शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा आणि गवत थर देऊन जाळतात. तण मरते, पण शेणातला नायट्रोजनही धुरात जातो. पाचनटाकीत शेणाचा कार्बन गॅस होऊन निघतो आणि नायट्रोजन, स्फुरद, पालाश स्लरीत राहतात. नायट्रोजन तर पिकाला लगेच घेता येईल अशा अमोनियाच्या रूपात. येथे धर्मशास्त्राची जमिनीच्या शुद्धीची कल्पना आणि रसायनशास्त्र बरेच जवळ येतात, कारण दोन्ही मातीला शुद्ध करणारी मानतात. पण एका ठिकाणी ती फाटतात. लावणीला बायका गुडघाभर चिखलात अनवाणी उतरतात. ३५ अंशांच्या टाकीत महिनाभर राहिलेल्या स्लरीत बहुतेक रोगजंतू मरतात, जंताची अंडी मात्र तग धरतात. त्यांना मारायला ५५ अंशांच्या वरची उष्णता लागते किंवा महिनोन्महिने वाळवण लागते. वास गेला म्हणजे धोका गेला असे होत नाही. नाकाची कसोटी येथे अपुरी पडते.

खोपोली-रसायनीच्या बाजूला अडचण आणखी वेगळी आहे. कारखान्याचे पाणी वस्तीच्या सांडपाण्यात मिसळले तर त्यातले जस्त, क्रोमियम, कॅडमियम गाळात उतरतात. जिवाणू त्यांना फोडू शकत नाहीत. उलट, टाकीत घन पदार्थ कमी होत जातात आणि उरलेल्या गाळात धातूंचे प्रमाण वाढते. गंध नाही, लेप नाही, अग्नी नाही, काळ नाही. परंपरेने सांगितलेला एकही उपाय कॅडमियमला चालत नाही. माणसाच्या मैल्यापेक्षा ही मलिनता कितीतरी पक्की आहे, आणि तिला कोणत्याही स्मृतीत नाव नाही. घरांचा आणि हॉटेलांचा मैला कारखान्याच्या पाण्यापासून वेगळा ठेवला तरच त्याचे सोनखत होते.

शेवटी हाताचा प्रश्न. सेप्टिक टाकी ही न ठरवता झालेली पाचनटाकीच असते. तिच्यातही मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो, फक्त तो कोणी गोळा करत नाही. चुलीपर्यंत नेला तर ज्या वायूवर भात शिजतो, तोच टाकीत उतरलेल्या माणसाचा जीव घेतो. हायड्रोजन सल्फाइड दाट झाला की आधी वास येणे बंद होते आणि मग शुद्ध हरपते. हाताने मैला साफ करण्याला १९९३ च्या कायद्याने आणि अधिक कडकपणे २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात किंवा टाकीत मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. मृत्यू तरीही थांबलेले नाहीत. पाचनटाकी हे काम कमी करू शकते. संडासातून उताराने सरळ टाकीत जाणारा मैला कोणाला उचलावा लागत नाही, आणि मळप्रभासारख्या रचनेचा तोच हेतू होता. पण शहरी प्रकल्पात मैला टँकरने येतो, म्हणजे कोणी तरी पाइप धरतो. खरकट्यातून प्लॅस्टिक, चमचे, हाडे वेगळी काढायला टेबलाशी माणसे उभी राहतात. काही वर्षांनी टाकीच्या तळाला वाळू आणि गाळ बसतो आणि तो काढावाच लागतो. त्या दिवशी टाकी पूर्ण मोकळी करून, हवा खेळवून, वायू मोजून, पंपाने गाळ उपसला जातो की दोरी बांधून कोणाला आत सोडले जाते, आणि आत जाणारा नेहमी एकाच वस्तीतून येतो की नाही, हे प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदवहीत पाहता येते.